वेगळा बांधलेला रोडगा

नाताळच्या दिवशी मला कुणी जेवायला बोलावलं की माझं डोकं फिरतं. चर्चच्या मंडळीतल्या लोकांना आता सवय झाली आहे. म्हातारा विक्षिप्त आहे म्हणतात. आहेच मी विक्षिप्त. पण त्याला कारण आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगायला लागलो की रडू येतं, आणि जन्मभर उपदेश केलेला माणूस असा रडलेला बरा दिसत नाही.

मी मूळचा उंद्रीचा, शेतकऱ्याच्या घरातला. चिखलीला मिशनच्या शाळेत शिकायला राहिलो आणि एकोणिसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेऊन मोकळा झालो. घरी नंतर सांगितलं. बापानं ऐकून घेतलं, बैलाच्या पाठीवरची गोचीड काढली, चिरडली, आणि म्हणाला, "मले आता एक पोरगीच हाय." बस, तेवढंच. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. माय चुलीपाशी बसून होती. तिला काही कळलं नव्हतं, एवढंच कळलं होतं की पोरगा आता घरात जेवणार नाही.

त्या वर्षी पादरी साहेबांनी मला देऊळगाव राजाला पाठवलं. नियम असा की नव्या उपदेशकांनी जोडीनं राहायचं आणि पहिली दोन वर्षं घराचं तोंड पाहायचं नाही. महिन्याला एक चिठ्ठी लिहायची, बस. घरी गेलं की पोरगं विरघळतं, असं साहेबांचं म्हणणं. स्वतः साहेब सात समुद्र ओलांडून आलेले, त्यांना काय बोलणार?

माझा जोडीदार नगरकडचा, आजोबापासून ख्रिस्ती. त्याचं नि माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. तो हसरा, मी तिरसट. तो पेटी वाजवून भजनं म्हणायचा आणि मी लोकांशी वाद घालायचो. बालाजीच्या गावात येशू सांगायचा म्हणजे गंमतच होती. दुकानदार आम्हाला बसायला पोतं द्यायचे, सगळं ऐकून घ्यायचे, "हाव महाराज, खरं हाय," म्हणायचे आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाला मीठ मोजून द्यायचे. रागावलं असतं कुणी तर बरं वाटलं असतं.

सहा महिन्यांत आमच्याकडे एकच माणूस आला, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक म्हातारा. त्याच्या लेकीच्या घरी नवसाचं जेवण होतं तेव्हा मी त्याला बजावून सांगितलं, देवाला दाखवलेलं अन्न आता तुला चालत नाही. त्यानं ऐकलं बिचाऱ्यानं. दिवसभर आमच्या ओट्यावर बसून राहिला, तिकडच्या स्वयंपाकाच्या वासाकडे तोंड करून. जोडीदार मला म्हणाला, "खाऊ दे की रे म्हाताऱ्याला." मी त्याच्या अंगावर धावून गेलो. विश्वास म्हणजे काय खेळ आहे काय, वगैरे वगैरे. तेच सगळं मी मायलाही चिठ्ठीत लिहून पाठवलं, मोठ्या अक्षरात, की आम्ही आता मूर्तीपुढं ठेवलेल्या अन्नाला शिवत नाही.

माझ्या चिठ्ठ्या घरी जायच्या नाहीत, बापानं फाडल्या असत्या. त्या जायच्या गावातल्या शाळेच्या मास्तरांकडे. माझी धाकटी बहीण तिसरी शिकलेली होती. ती चिठ्ठी पोलक्यात लपवून आणायची, मायला गोठ्यात बोलवायची आणि तिथं वाचून दाखवायची.

आता रोडग्यांचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घरी रोडगे उगाच होत नसत. नवस फेडायचा असला, देवाचं काही असलं, तरच अंगणात गोवऱ्यांचा आर पेटायचा आणि कणकेचे गोळे त्यात भाजायला पडायचे. आरातून निघालेला पहिला रोडगा देवाचा. तो वेगळ्या फडक्यात बांधायचा, मारोतीपुढं नेऊन दाखवायचा, मग बाकीच्यांनी तोंड लावायचं. पाच वर्षांचा असताना मी तो पहिला रोडगा उचलून खाल्ला होता. आयुष्यात मायनं मला एकदाच मारलं, ते त्या दिवशी. मारून झाल्यावर स्वतःच रडत बसली, आणि मारोतीची माफी मागायला मला कडेवर घेऊन गेली.

नाताळ आला. त्या परक्या गावात आमचा कसला नाताळ! जोडीदारानं कामट्यांचा तारा केला, त्याला पतंगी कागद चिकटवला आणि दारावर टांगला. त्याच्या आईनं टपालानं करंज्या पाठवल्या होत्या, त्यांचा पार भुगा झाला होता. तो भुगा तो चिमटीनं खात होता आणि हसत होता, पण डोळे काही हसत नव्हते. मला कुणाचं काही आलं नव्हतं. येणारही नव्हतं. सकाळी ओट्यावर उपासना केली, आम्ही दोघं, तो म्हातारा आणि म्हाताऱ्याची लेक. मीच उपदेश केला. विषय काय, तर निष्ठा!

दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात दारापुढं बैलगाडी थांबली. बाईमाणसाचा आवाज आला, "माहा पोरगा इथंच राह्यते का?"

माझ्या हातातली ताटली खाली पडली. माय होती ती. तिच्याबरोबर काका, बापाचा धाकटा भाऊ. बालाजीच्या दर्शनाला जाते असं घरी सांगून ती निघाली होती. गाडीत दोन दिवस बसून आली होती, केसांत सगळा फुफाटा.

काका गाडीतून उतरला नाही. म्हणाला, "आधी देवळात जाऊ म्हटलं त तुम्ही आयकलं नाही. पाह्यलं ना वहिनी? चाला आता."

माय ओट्यावर येऊन टेकली. माझ्याकडे बघत राहिली. "किती वाळला रे बाबू! कोण रांधते इथं?"

"आम्हीच रांधतो."

"तुमचा मोठा सण हाय म्हणे आज. तुनं चिठ्ठीत लिवलं होतं. म्हटलं सणाच्या दिवशी लेकरानं परक्या घरचं काऊन खावं? म्हणून आली मी."

तिनं गाठोडं सोडलं. रोडगे होते, गुळाचा खडा होता, वाटीत थिजलेलं तूप आणि देठासकट दोन वांगी. "चूल कुठं हाय? भरीत करून देते घडीभरात."

"वहिनी!" काका गाडीतून ओरडला. "त्याहीच्या चुलीले हात लावू नका! दादाले काय सांगू मी?"

माय उठली नाही, पण वांगीही तिनं परत ठेवली नाहीत. मग गाठोड्यात हात घालून एक वेगळी पुरचुंडी काढली, कोऱ्या मांजरपाटाची. तिच्यात एकच रोडगा होता. तो दोन्ही हातांनी तिनं माझ्यापुढं धरला.

"हा घे आधी."

"पहिला ना हा?" मी विचारलं.

"हाव, पयलाच हाय," ती म्हणाली. केवढी खूश होऊन म्हणाली!

मी त्या कोऱ्या फडक्याकडे बघितलं. पहिला रोडगा, वेगळा बांधलेला. म्हणजे मारोतीपुढं जाऊन आलेला. अजून काय विचारायचं होतं? शेजारी तो म्हातारा बसला होता, ज्याला मी लेकीच्या दारातून उपाशी उठवलं होतं. तो माझ्या हाताकडे टक लावून बघत होता. आता मी खाल्लं तर त्याला कोणत्या तोंडानं सांगू?

मी हात मागे घेतला. "माय, देवाले दाखवलेलं मी खात नाही. तुले लिहिलं होतं."

माय काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलं तिनं, मी पाहिलं. मग तिनं गाडीकडे बघितलं, काकाकडे, आणि तोंड मिटलं. रोडगा तसाच पुढं धरलेला.  

"थोडासा मोडून खा," ती हळूच म्हणाली. "माह्यासाठी."

"नाही म्हणजे नाही. हेच शिकलो का मी इतके दिवस?" वर अजून चार वाक्यं बोललो. ती मी इथं लिहीत नाही, माझी जीभ झडायला पाहिजे होती तेव्हा. म्हातारा मान डोलावत होता. आणि मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. मोठी परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

मायनं पुरचुंडीची गाठ परत बांधली. "बरं बाप्पा," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "पाणी तरी देशील का?"

मी तांब्या भरून दिला. काका गाडीत उभा राहिला. "वहिनी, काय करून राह्यल्या तुम्ही?" मायनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या घरचं, माझ्या हातचं पाणी ती शेवटच्या घोटापर्यंत प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. मी आपला समजलो, उन्हातून आली, तहान लागली असेल. एवढा शिकलेला मी!

गाडी निघून गेली. जोडीदार आतून सगळं बघत होता. बाहेर येऊन म्हणाला, "माझ्या आईच्या करंज्यांचा भुगा आला तर मी तो चाटून खाल्ला. तुझी आई दोन दिवस गाडीत बसून आली. गाढव आहेस तू."  संध्याकाळी मलाच राहवेना. देवळाच्या आसपास बघितलं, धर्मशाळेत विचारलं, मग चिखलीच्या रस्त्यानं कोसभर चालत गेलो. खाणार नव्हतो हं मी! नुसता भेटणार होतो. पण गाडी गेली होती.

फाल्गुनात बहिणीची चिठ्ठी आली. माय तीन दिवसांच्या तापानं गेली होती, आणि चिठ्ठी पोचेपर्यंत त्याला आठ दिवस होऊन गेले होते. मी साहेबांना विचारलं नाही. नियम गेला खड्ड्यात. तसाच चालत निघालो.

उंद्रीला पोचलो तेव्हा बाप ओसरीत बसला होता. त्यानं मला बघितलं, उठला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. मी अंगणात उभा. बहीण मागच्या दारानं आली आणि मला गोठ्यात घेऊन गेली. घरात तर मला घेता येत नव्हतं. मायनं माझ्या हातचं पाणी प्यायल्यावरून आधीच गावात पुष्कळ झालं होतं. काकानं येऊन सगळं सांगितलं होतं. माय मरेपर्यंत वेगळ्या भांड्यात जेवली, असं बहिणीनं मला गोठ्यात सांगितलं. 

मग तिनं विचारलं, "दादा, तू रोडगा काऊन नाही खाल्ला?"

"देवाले दाखवलेला होता ना."

"कोण म्हणे?"

"मीच पाह्यला. पहिला, वेगळा बांधलेला."

बहीण माझ्याकडे बघतच राहिली. "आर मी पेटवला होता, दादा. मी तिथंच होती. मायनं पयला रोडगा काढला, कोऱ्या फडक्यात बांधला. म्या म्हटलं, दे, मारोतीपाशी नेते. त म्हणे, नाही. हा त्याचा. त्याले देवाचं चालत नाही, तुनंच वाचून दाखवलं ना. म्या म्हटलं, माय, देव रागावला मंग? त म्हणे, देव समजून घेईन. माहा पोरगा तापट हाय, तो नाही घेणार. अन् म्हणे, कोणाले सांगू नको, काकाले त बिलकुलच नाही."

गाडीकडे बघून मिटलेलं तिचं तोंड मला आठवलं. काकासमोर ती कशी सांगणार होती, की मारोतीला उपाशी ठेवून मी रोडगा पोराला आणला आहे म्हणून? मी विचारलं असतं तर कानात सांगितलं असतं तिनं. मी विचारलंच नाही. माझं सगळं माहीत करून झालं होतं.

बहिणीनं गव्हाणीच्या वरच्या कोनाड्यात हात घातला आणि ती पुरचुंडी काढली. गाठ तशीच होती. "कोणाले हात लावू देल्ला नाही तिनं," ती म्हणाली. "म्हणे, दोन वर्षं झाले की तो येईन."

रोडगा वाळून दगड झाला होता. दातानं तुटेना. मी ओंजळीत धरला आणि बहिणीनं वरून पाणी ओतलं, भांडं माझ्या हाताला लागू नये म्हणून जरा उंचावरून. मी तिला दोष देत नाही. तिला त्याच घरात राहायचं होतं. रोडगा भिजायला बराच वेळ लागला. मग मी तो खाल्ला, सगळा, ओंजळीतल्या पाण्यासकट.

बहीण समोर बसून बघत होती. शेवटचा घास गेला तशी ती पटकन उठली, माझी चिठ्ठी आली की मायला बोलवायला उठत असेल तशीच, आणि म्हणाली, "थांब, मायले सांगून येते, खाल्ला म्हणून."

गोठ्याच्या दारापर्यंत गेली, आणि तिथंच उभी राहिली.