सरासरी बरोबर होती, पिना नव्हत्या

मंडळी, नोकरीच्या तिसऱ्याच आठवड्यात आज माझी वाट लागता लागता राहिली.

साकीनाक्याच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी माल तपासते. आज दहा मिलिमीटर जाडीच्या पिनांची ऑर्डर जायची होती, टेम्पो दारात उभा होता. मी वीस पिना मोजल्या आणि सरासरी काढली. बरोबर दहा! खूश होऊन सही करायला पेन काढलं.

तेवढ्यात आमचे जुने फिटर सावंतकाका दहा मिलिमीटरचं भोक पाडलेला लोखंडी ठोकळा घेऊन आले. "थांब गं. तुझी ती सरासरी या भोकात घालून दाखव."

त्यांनी माझ्या विसातल्याच दोन पिना उचलल्या. एक भोकात खुळखुळली, दुसरी आत शिरेचना. एक बारीक, एक जाड, म्हणून सरासरी झकास. दोन्ही पिना भंगार!

डेटा किती पसरलाय हे मोजायच्या धड्यात कॉलेजात मला पैकीच्या पैकी मार्क होते. आणि इथे सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक पिनेतला फरकसुद्धा बघायचं सुचलं नाही.

माल थांबला. शेठ तणतणत आले, "कोणी अडवला?"

काका हात पुसत म्हणाले, "या पोरीनं पकडलं. हुशार आहे."

आणि मी गप्प बसले यार! घरी येईपर्यंत तेच टोचत होतं. उद्या शेठना खरं सांगणार आहे.

स्वतःचं श्रेय गुपचूप तुमच्या नावावर टाकणारं कोणी तुम्हाला भेटलंय? खाली त्यांचं नाव लिहा.

पहिलं मी लिहिते. सावंतकाका.