बाळापूरचे लहान रोडगे

पारस स्टेशनावर उतरले आणि पहिल्यांदा काय दिसलं सांगू? कापूस! रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकलेले. मी ओरडले, "अण्णा, इथे बाभळीला कापूस लागतो?" मावशीचे यजमान अण्णा मला घ्यायला दमणी (छपराची बैलगाडी) घेऊन आले होते. ते इतके हसले की बैलांनी कान टवकारले. जिनाकडे (सरकी काढायच्या कारखान्याकडे) जाणाऱ्या गाड्यांतला कापूस काट्यांना अडकतो, एवढंच.

बाळापूर लहानसं, पण बघायला किती! वर किल्ला, खाली मन नदी, पाणी आटून नुसते डोह उरलेले, आणि काठाला माळ्यांच्या बाड्या (भाजीचे मळे). माघ संपत आलेला. पहाटे शालीतून हात काढवत नाही आणि दुपारी सावली शोधावी लागते. पळस नुकता पेटायला लागलाय.

मावशीच्या शेजारची गोदी माळीण पहिल्याच दिवशी माझी मैत्रीण झाली. आम्ही बांधावर बसून हिरवा हरभरा सोलत होतो. मी पानावरची आंबट खार चाटायला लागले, तर म्हणते, "बस कर वं माय, जीभ फाटन तुही!"

मग हळूच म्हणाली, "उद्या पाव्हणे येऊन राह्यले. मले पाहाले."

नांदगाव खंडेश्वरचा महादेव. तिने त्याला मावसबहिणीच्या लग्नात पाहिलेलं.

"आवडला?"

"मले आवडून काय व्हते? बाबानं दोन पोट्टे वापस पाठवले. एकानं रोडगे जाळले, एकानं कच्चे काढले."

रोडगे म्हणजे कणकेचे, थराथराला तेल लावलेले गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर शेकायचे, मग गरम राखेत पुरायचे. बायकांनी वळून द्यायचे, भाजायचे मात्र पुरुषांनी. आणि गोदीचे वडील दादाराव यांची अट, की भाजणार नवरामुलगाच. "त्याईनं पोरगी पाहाची, मंग म्या पोट्टा नाई पाहाचा?"

दुसऱ्या दिवशी बाडीत आम्ही दोघी वांग्यांच्या ओळीमागे दडून बसलो. महादेवने रोडगे पुरले, राख दाबली आणि उकिडवा बसून राहिला. शेजारी वांग्याची भाजी रटरटतेय, माझ्याच पोटात कावळे! त्याचे वडील तर पहाटे निघालेले. शेवटी ते काठी घेऊन उठले.

"झाले असतीन बे. काढ."

"नाई बाबा. वेळ हाय."

त्यांनी काठी राखेत खुपसलीच. महादेवने ती धरली. "राख नको मोडू, बाबा. कच्चे राह्यतीन."

"आता तू मले शिकवशीन?"

गोदीची नखं माझ्या मनगटात रुतली. महादेवने काठी सोडली नाही. दुसऱ्या हाताने टोपलीतला एक जांब (पेरू) उचलला आणि बापापुढे धरला. "हा खाय तवरोक."

बापाने रागाने जांब चावला. चावत चावत खाली बसला.

खूप वेळाने रोडगे निघाले. दादारावांनी एक फडक्याने झटकला, दोन्ही हातांनी फोडला. वाफ आली. तुपात बुडवून पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले.

"कडक झाला जरासा," ते म्हणाले. गोदीने डोळे मिटले. "पन आतून शिजला. पोट्ट्याले धीर हाय, पाव्हणे. तुमाले नाई."

"मायवर गेला तो," महादेवचे वडील म्हणाले.

"आमची बी मायवरच गेली. जमते मंग!"

मी किंचाळलेच. वांग्यांच्या ओळीतून!

निघताना गोदी दमणीपाशी आली. वाटेसाठी आदल्या दिवशीचे उरलेले चार रोडगे फडक्यात बांधून दिले. "लग्नाले येजो."

"इतके लहान गं?"

तिने मागे दादारावांकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी आली. "म्या लहानच वळले व्हते कालचे. लवकर शिजाले. त्याच्या बापानं काठी घातली तवा झालेच व्हते ते!"

"मग तो उगीच थांबला?"

"कुठी उगीच? त्याले मी पायजे ना!" म्हणाली, आणि अशी लाजली!

पुण्याला येईपर्यंत मी तीन संपवले. चौथा तुमच्यासमोर ठेवलाय, आणि सगळे विचारताय एवढासा काय. खा आणि गप्प बसा. आणि कधी बाळापूरला गेलात, तर दादारावांपुढे यातला चकार शब्द काढू नका. निदान लग्न होईपर्यंत तरी.