गिरणा पारोळ्याला गेली तेव्हा

जळगावचे सत्तार पेंटर चौतीस वर्षं नद्यांची नावं रंगवत आहेत. पुलाच्या तोंडाशी नदीच्या नावाची पाटी असते, ती. वाघूर, सुकी, मोर, सगळ्या त्यांच्या हातून गेल्या. राहिली होती ती तापी. शिरपूरच्या रस्त्यावरचा तिचा पूल धुळे जिल्ह्यात येतो आणि तिथलं काम दर वेळी दुसऱ्या कुणाला जाई.

यंदा ठेकेदाराचे इंजिनिअर हितेंद्र यांनी त्यांना जळगाव-धुळे महामार्गावरच्या तीन पाट्या दिल्या. "सोमवारी मी बघायला येतो. चांगल्या झाल्या तर तापी तुमची. नाहीतर यापुढं मशीनवर छापलेल्याच लावू," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

सत्तारांना या नद्या तोंडपाठ. या वाटेनं त्यांचे आजोबा बैलगाडीतून कापूस नेत. पूल नव्हते. पूर ओसरेपर्यंत गाड्या काठावर थांबत आणि थांबलेल्यांना भाकरी, बैलांना चारा विकता विकता काठावर बाजार बसले, असं सत्तार सांगतात. त्यांनी पाट्या रंगवल्या आणि मागे नंबर टाकले. गिरणा एक, अंजनी दोन, बोरी तीन. जळगावचा माणूस जळगावातूनच मोजणार.

पाट्या बसवणारी टोळी परराज्यातली होती. त्यांना देवनागरी येत नव्हती, आकडे येत होते. त्यांचा मुक्काम धुळ्यात, म्हणून त्यांनी एक नंबर धुळ्याकडून लावला. गिरणा पारोळ्याला बोरीच्या पुलावर गेली, बोरी जळगावजवळ बांभोरीला गिरणेच्या पुलावर आली. अंजनी मधली असल्यानं तेवढी जागेवर राहिली.

सोमवारी सकाळी पारोळ्याहून मोबाइलवर पुलावरच्या पाटीचा फोटो आला. सत्तारांनी शेजारच्या असोद्याहून जीवरामला बोलावलं. तो केळीची पिकअप चालवतो.

"सत्तारभाई, केळी उतरवायची बाकी आहेत."

"राहू दे आत. नदी वरून ठेवू."

बांभोरीला बोरीची पाटी काढली, केळीच्या घडांवर आडवी टाकली आणि दोघं पारोळ्याकडे निघाले. पुलाजवळ चहावाले पंडित आणि आठ-दहा माणसं वाटच बघत होती.

"चाचा, आमनी बोरी कथी गयी?" पंडितनी विचारलं.

"जळगावले पाव्हणी गयेल व्हती. लई उनू तिले परत," सत्तार शिडी टेकवत म्हणाले.

"राहू द्या ना मंग. बठ्ठ्या नद्या तापीमाच जातस."

"तापीमा जास तठलोंग तरी तिनं नाव तिले राहू दे."

एक बोल्ट निघाला. दुसरा निघेना. तेवढ्यात धुळ्याकडून पांढरी गाडी येऊन थांबली आणि हितेंद्र उतरले. वर गिरणा अर्धी सुटलेली, खाली बोरी केळीवर पडलेली.

"चाचा, हे काय चाललंय?"

सारवासारव करण्याजोगं काही उरलं नव्हतं. सत्तारांनी शिडीवरूनच सगळं सांगितलं.

"अहो, मोजायचं धुळ्याकडून," हितेंद्र म्हणाले. ते धुळ्याचे.

"जळगावात बसून धुळ्याकडून कसं मोजणार, साहेब?"

"रस्ता धुळ्याहून सुरू होतो."

"कोण म्हणतं? आम्ही काय शेवटाला राहतो?"

"भांडण खाली उतरून करा," शिडी धरलेला जीवराम ओरडला. "माझे हात भरून आले."

हितेंद्रना हसू आवरेना. मग त्यांनी खिशातून टेप काढली, बोरीची अक्षरं मोजली, रंगावरून नख फिरवलं. रंग निघाला नाही. ओठांत काहीतरी पुटपुटत त्यांनी टेप गुंडाळली. सत्तार वरून बघत होते. एवढा वेळ हातातला पाना फिरला नव्हता.

"काम पक्कं आहे. तापी तुम्हीच करा. पण तिथं पाट्या दोन, पुलाच्या दोन्ही टोकांना."

"दोन्हींवर नाव एकच ना?" जीवरामनं खात्री करून घेतली.

"एकच."

"मग बिनधास्त द्या. कुठलीही कुठंही लावली तरी चालेल."

माणसं हसली. सत्तारांनी दुसरा बोल्ट पिळून काढला, गिरणा खाली दिली आणि विचारलं, "साहेब, अक्षर केवढं?"

"नेहमीएवढंच. नियम आहे."

"नदी नेहमीएवढी नाही."

हितेंद्रनी पुलाखालच्या बोरीकडे पाहिलं, मग वहीत काहीतरी लिहिलं.

"दोन इंच वाढवा," ते म्हणाले. "त्याहून एक सूतही जास्त नको."