घरमालकाची बिअर

दोन हजार पाच-सहा सालची गोष्ट. मी वेलिंग्टनच्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट होते, नवरा सॉफ्टवेअरमध्ये. पुण्याहून येऊन आम्हाला काही वर्षं झाली होती. आदल्या वर्षी गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात माझं मूल गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्याला ऑकलंडला, तिथल्या माउंट वेलिंग्टन नावाच्या उपनगरातल्या एका ऑफिसात नोकरी मिळाली आणि तो गेला. मी माझी नोकरी सोडली नाही. "काही महिने बघू," असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे समोरासमोर बसून जेवणं आम्हाला जड जात होतं. पण ते दोघांपैकी कुणी बोललं नाही.

मी वेलिंग्टनमध्येच, जॉन्सनव्हिल भागात उतारावरच्या एका घराचा खालचा भाग भाड्यानं घेतला. वर घरमालक राहायचे, सत्तरी ओलांडलेले, एकटे. जाता-येता माओरीत "किया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हणायचे, त्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. माझ्या स्वयंपाकघराची भिंत त्यांच्या गॅरेजला लागून होती.

एका रविवारी दुपारी मी कुकर लावला होता आणि भिंतीपलीकडे मोठा आवाज झाला. आधी मला वाटलं कुकरच उडाला. मग वाटलं म्हातारा पडला. धावत गेले, तर ते गॅरेजमध्ये झाडू घेऊन उभे होते. पायाशी तपकिरी काचा, जमिनीवर फेस आणि सगळीकडे आंबलेला वास. आपलं इडलीचं पीठ उन्हाळ्यात जरा जास्त राहिलं की येतो तसला.

"घाबरलीस का? सॉरी," ते म्हणाले. "साखर जास्त पडली."

ते घरीच बिअर करत. पिंपात आंबलेली बिअर बाटलीत भरताना प्रत्येक बाटलीत थोडीशी साखर घालायची, झाकण घट्ट दाबायचं. आत उरलेलं यीस्ट ती साखर खातं आणि त्यातून बिअरला फेस येतो. साखर कमी पडली तर बिअर मिळमिळीत, जास्त पडली तर बाटली फुटते. साखर घालण्याचं आणि झाकणं लावण्याचं काम त्यांची बायको करायची. ती दोन वर्षांपूर्वी गेली. त्यांचे हात कापत. चमचा धरला की अर्धी साखर बाहेर, नाहीतर एकाच बाटलीत दुप्पट.

मी काचा उचलू लागले. उचलता उचलता म्हणाले, "पुढच्या वेळी मला बोलवा. दिवसभर औषधंच मोजते मी."

त्यांनी खरंच बोलावलं. मे महिना होता, तिथला हिवाळा तोंडावर आला होता. मी साखर पाण्यात उकळून पाक केला आणि इंजेक्शनच्या सिरिंजनं प्रत्येक बाटलीत सारखा सोडला. ते स्टुलावर बसून बघत होते.

"हे असं मी आयुष्यात पाहिलं नाही," ते म्हणाले.

"चालेल ना पण?"

"चालेल. तिला आवडलं असतं."

झाकणं दाबायला दोन दांड्यांचं एक यंत्र होतं. दोन्ही हातांनी खाली ओढलं की पत्रा बाटलीच्या तोंडावर आवळून बसे. संध्याकाळपर्यंत माझे खांदे भरून आले. भरलेल्या बाटल्या आम्ही वर नेल्या आणि गरम पाण्याची टाकी असते त्या कपाटात ठेवल्या. तिथे ऊब असते, यीस्टला ती लागते. दोन आठवड्यांनी त्याच बाटल्या घराखालच्या गार, अंधाऱ्या जागेत. मग नुसतं थांबायचं.

"किती?" मी विचारलं.

"वसंतापर्यंत तरी. लोक घाई करतात."

त्यानंतर शनिवारी मी वर जायला लागले. कधी रिकाम्या बाटल्या धुवायच्या, कधी नुसता चहा. ते फारसं बोलत नसत आणि मला काही विचारत नसत. तेच मला हवं होतं. पुण्याहून आईचा फोन आला की सांगायचे, वरच्या आजोबांना घरकामात मदत करते. "चांगलं आहे, म्हाताऱ्या माणसाचा दुवा मिळतो," आई म्हणायची. कसलं घरकाम ते मी सांगितलं नाही.

नवऱ्याचा फोन रोज यायचा.

"जेवलीस?"

"हो. तू?"

"हो. थंडी आहे का?"

"आहे."

बाहेर वारा पत्रे हलवत असायचा. फोन ठेवला की घर आधीपेक्षा मोठं वाटायचं.

ऑगस्टमध्ये तो दोन दिवसांसाठी आला. शनिवार होता आणि आमची पुढची बिअर बाटलीत भरायची होती. मी म्हटलं, चल. तो गॅरेजच्या दारात अवघडून उभा राहिला. घरमालकांनी त्याच्या हातात झाकणांचं यंत्र दिलं आणि चहा टाकायला म्हणून ते वर निघून गेले. मुद्दामच गेले असावेत.

त्यानं पहिल्याच बाटलीवर एवढा जोर लावला की तिची मान तुटली. तळव्याला काच लागली. मी त्याचा हात नळाखाली धरला, पट्टी बांधली.

"तू दर शनिवारी हे करतेस?" त्यानं विचारलं.

"हो."

"मला वाटायचं तू इथे रडत बसत असशील."

"तेही करते."

तो माझ्याकडे बघत नव्हता. बांधलेल्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, "मला आपल्या आधीच्या घरात झोप येत नव्हती. बाळाच्या खोलीचा रंग आपण ठरवला होता. तुला कसं सांगणार? त्रास तर तुला झाला होता."

"मला वाटलं तुला काही झालंच नाही."

"असं कसं वाटलं तुला?"

आम्ही दोघं उलट्या ठेवलेल्या क्रेटांवर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं तो रडला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला रडताना बघत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सप्टेंबरात, वसंत लागल्यावर, घरमालकांनी पहिल्या खेपेची बाटली उघडली. फेस हळूहळू वर आला आणि ग्लासाच्या काठाशी थांबला. मला बिअरची चव फारशी कळत नाही. कडू होती, पण घशाला लागत नव्हती. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला आणि मान हलवली. एकही बाटली फुटली नव्हती.

उन्हाळ्यात मी नोकरी सोडून ऑकलंडला गेले. नवऱ्यानं तिथल्या फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात घर घेतलं होतं, नवं, चार बेडरूमचं. त्याच सुमारास घरमालकांना त्यांच्या मुलीनं नेल्सनला आपल्याजवळच्या वृद्धाश्रमात नेलं. निघताना त्यांनी मला एक क्रेट दिला. तो संपायला वर्ष लागलं. नवरा मोटरवेवरच्या गर्दीतून थकून यायचा, मग आम्ही एक बाटली दोघांत घ्यायचो. आता बोलायचो, पण सगळं जुळलं असं म्हणता येणार नाही. मूल पुन्हा झालं नाही. वरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी म्हणून ठेवल्या होत्या. पाहुणे क्वचित येत. दिवसा त्या कॉलनीत रस्त्यावर माणूस दिसत नसे.

मी नेल्सनला फोन करायचे. ते सावकाश बोलत. तिथे बिअर मिळते, पण कॅनमधली, असं सांगत. एकदा फोन त्यांच्या मुलीनं उचलला. आम्ही कधी भेटलो नव्हतो. तिनं सांगितलं, मंगळवारी गेले, झोपेतच. मी म्हटलं, फार चांगले होते. ती म्हणाली, हो. मग तिनं विचारलं, ऑकलंडला पाऊस आहे का. मी सांगितलं, सकाळपासून आहे. तिकडे ऊन होतं म्हणाली. असंच काहीबाही आम्ही बोलत राहिलो. दोघींनाही फोन ठेवणं जमत नव्हतं.