पंडितभाऊंची पार्टी

लेखक आणि वाचक यांना जोडणारा मध्यस्थ हा निर्मितीतला सर्वांत पवित्र धागा असतो, असं एका साहित्य संमेलनाच्या मांडवात मी ऐकलं आहे. माझ्या बाबतीत हा धागा पॉलिएस्टरचा होता. पंडितभाऊ सुरतच्या रिंग रोडवरच्या मार्केटात साड्यांचे एजंट होते. शर्टाच्या खिशात पेन असावं तिथे त्यांच्या कात्री असे, आणि कुठलाही माल ते आधी मधून कापून बघत.

त्यांच्यापर्यंत मी फिरून फिरून पोचलो. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक. कादंबरी लिहून झाल्यावर मी ती पुण्यामुंबईच्या प्रकाशकांना पाठवली. बहुतेक गप्प राहिले. पुण्याच्या एकाने फोनवर विचारलं, "तुम्ही कुणाकडून आलात?" मी म्हणालो, "सुरतेकडून." त्याला ते विचारायचं नव्हतं. मग रविवारच्या पुरवणीत वाचलं की मोठ्या लेखकांना साहित्यिक एजंट असतात. दिल्लीच्या एका एजन्सीला मेल केली. उत्तर आलं की त्यांच्याकडे मराठी 'सध्या नाही'. मराठी जणू हंगामी फळ होतं. स्टाफरूममध्ये मी हे रडगाणं गायलो तेव्हा आमचे चित्रकलेचे सर म्हणाले, "सुरतेत राहून एजंट दिल्लीत शोधता? माझे मावसभाऊ आहेत ना!"

हे मावसभाऊ म्हणजे पंडितभाऊ. मूळचे धुळ्याकडचे, वाढले सुरतेत. त्यामुळे एकाच वाक्यात अहिराणी, गुजराती आणि हिंदी गुण्यागोविंदाने नांदत. मी स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये कागद चोळला, कापडाच्या स्पर्शाला म्हणतात तसं "हात चांगला आहे," म्हणाले, कात्री काढली आणि कादंबरीच्या मधली पाच-पंचवीस पानं सरळ कापून घेतली.

"अहो, सुरुवात तरी वाचा!" मी कळवळून म्हणालो.

"सर, पहिला वार सगळेच चांगला विणतात. माणूस थकतो ते मध्ये दिसतं."

मराठी समीक्षेत याहून कामाचं वाक्य मी वाचलेलं नाही. पण ते जागच्या जागी मान्य करण्याइतका मी उदार नव्हतो.

पंडितभाऊंच्या जगात प्रत्येक जण 'पार्टी' होता. घेणारा पार्टी, विकणारा पार्टी. वारलेल्या बायकोचा उल्लेखही 'घरची पार्टी' असाच, आणि तो करताना त्यांचा आवाज खाली येई. कादंबरीचा नायक सुपडू हा यंत्रमागावरचा कामगार. एका दुपारी तो माग चालू ठेवून चहा प्यायला खाली उतरतो आणि परत येत नाही. पंडितभाऊंनी नमुन्याची पानं वाचली आणि मला फोन केला.

"सर, ही सुपडूभाऊ पार्टी कुठं राहते?"

"तो काल्पनिक आहे."

"हा, पण काल्पनिक म्हणजे कुठल्या सोसायटीत?"

मी कल्पित साहित्यावर थोडं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बराबर. पण ज्याचा माल त्याची हा लागते, होकार. त्याला विचारल्याशिवाय मी बाजारात ठेवत नाही." माल माझाच आहे हे मी परोपरीने सांगितलं. ते म्हणाले, "विणणारे तुम्ही. सूत त्याचं ना!"

पंधरवड्याने ते शाळेच्या फाटकाशी उभे. पंडितभाऊ कुणाकडेही बसत नसत. बसलेल्या एजंटाला माणसं चहा पाजून वाटेला लावतात, असं त्यांचं म्हणणं. उभ्याउभ्याच ते म्हणाले, "भेटली पार्टी. चलथाणला, साखर कारखान्याच्या बाहेर. माणूस सीधा आहे. डाव्या हाताचं करंगळीचं पेर नाही, तेवढं सोडलं तर तब्येत चांगली."

मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. पहिल्या खर्ड्यात मी सुपडूच्या डाव्या करंगळीचं पेर मागात घालवलं होतं. नंतर ते फार नाटकी वाटून काढून टाकलं. तो खर्डा कुणी पाहिलेला नव्हता. बायकोनेही नाही, कारण तिने पुढचेही खर्डे पाहिलेले नाहीत.

मी शंकेखोर माणूस आहे. घरी जाऊन मी स्वतःला समजावलं की सुरतेत सुपडू नावाची माणसं कमी नाहीत आणि पेर गेलेल्या करंगळ्याही कमी नाहीत. दोन्ही एकत्र आली, इतकंच. पुढच्या खेपेला मी पंडितभाऊंना म्हणालो, "एक फोटो तरी काढून आणा." त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटोत चहाच्या टपरीचं बाकडं होतं, त्यावर वाफ येणारा ग्लास होता आणि मागे उन्हाने पांढरी झालेली भिंत.

"यात माणूस कुठाय?"

"होता ना, समोरच बसेल होता," पंडितभाऊ स्क्रीनकडे बघत म्हणाले. त्यांनाही ते नवीन असावं. मग म्हणाले, "पार्टी ना म्हणते, सर. शेवटाला बायको मारली ती चालणार नाही म्हणे. ती जिवंत आहे."

सुपडूची बायको शेवटच्या प्रकरणात वाट पाहून पाहून मरते. पंडितभाऊंकडे फक्त मधली पानं होती. शेवटचं प्रकरण माझ्या घरी होतं आणि माझ्या मते ते कादंबरीतलं सर्वोत्तम होतं. इकडे पुण्याचा तोच प्रकाशक पंडितभाऊंच्या चिवटपणाला कंटाळून 'पाठवा, बघू' इथवर आला होता. पण पंडितभाऊ माझ्याकडची पूर्ण कादंबरी त्याच्याकडे पाठवू देईनात. पार्टीची हा नाही. मी चिडलो. "पंडितभाऊ, मरण हा त्या कादंबरीचा कळस आहे!"

"असेल. पण जिवंत माणसावर कळस चढवता का तुम्ही?" ते म्हणाले. "चला, तुम्हीच बोला त्याच्याशी. घर दाखवतो."

भर दुपारी आम्ही अमरोलीच्या पुढे कोसाडला गेलो. एकसारख्या इमारती, गच्चीपर्यंत वाळत घातलेले कपडे, आणि कुठूनतरी मागांची खडखड, जी सुरतेत ऐकू येत नाही, फक्त थांबली की कळते. दार एका मध्यमवयीन बाईंनी उघडलं. पंडितभाऊंनी विचारलं, "सुपडूभाऊ आहेत का, वहिनी?"

"त्या चहा पेवाले गयात," म्हणजे ते चहा प्यायला गेलेत, असं बाई अहिराणीतून म्हणाल्या. "बठा. येतीन."

मी बसलो. पंडितभाऊ दारातच होते. "मी बोलावून आणतो," म्हणाले आणि जिना उतरले. त्यांची चप्पल खालपर्यंत ऐकू आली.

बाईंनी मला पाणी दिलं. भाजी निवडता निवडता त्या आपल्या माहेरच्या, धुळ्याकडच्या पावसाचं विचारत राहिल्या. जरा वेळाने मी विचारलं, "भाऊ कधी गेले चहाला?" त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली, जरा आठवलं आणि म्हणाल्या, "पोरगी तवय पाळणामा व्हती." पोरगी त्याच वेळी कॉलेजातून घरी आली आणि मला नमस्कार करून आत गेली.

तेवढ्यात मागांची खडखड थांबली. मी उठलो. जिन्यावर, फाटकाशी, टपरीवर, कुठेही पंडितभाऊ नव्हते. टपरीवाला म्हणाला, असा माणूस आलाच नाही. मोबाइल लावला तर तो बंद होता.

पुढच्या आठवड्यात मी मार्केटात चौकशी केली. त्यांच्या ओळखीचा एक व्यापारी गुजरातीतून म्हणाला, "एनुं तो उठमणुं थई गयुं." मी घरी येऊन पांढरे कपडे घातले आणि पंडितभाऊंच्या उधन्याच्या खोलीवर गेलो. उठमणुं म्हणजे मेलेल्या माणसासाठी जमायचा दिवस, एवढंच मला ठाऊक होतं. मार्केटात मात्र कुणी दुकान गुंडाळून एकाएकी गायब झालं, तर त्यालाही उठमणुंच म्हणतात. खोलीला कुलूप होतं आणि बाहेर दोन व्यापारी उभे होते, रंगीत कपड्यांत. माझा पांढरा सदरा बघून ते पुढे आले. एकाने हळूच विचारलं, "एटले पाको मरी गयो, साहेब?" म्हणजे नक्की मेला का? आम्ही तिघं त्या कुलपासमोर बराच वेळ उभे राहिलो. दोन अर्थांपैकी कुठला घ्यायचा हे एकालाही ठरवता आलं नाही. पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या हवालदाराने विचारलं की हरवले म्हणजे कुठून. मी म्हणालो, "जिन्यावरून."

त्यानंतर मी शेवटचं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. नव्या शेवटात कुणी मरत नाही. बाई भाजी निवडत बसलेली आहे, एवढंच. कला म्हणून तो शेवट जुन्यापेक्षा उणा आहे, असं मी अजूनही म्हणेन. पण जुना मला पुन्हा वाचवेना. पंडितभाऊ नाहीत तर हे पुण्याला पाठवायचं कसं, या विचारात असतानाच प्रकाशकाचा फोन आला.

"अभिनंदन! तुमचे एजंट काल येऊन संपूर्ण कादंबरी देऊन गेले. बायको जिवंत ठेवलीत ते फार बरं केलंत."

"काल?" मी म्हणालो. नवा शेवट माझ्या टेबलावर होता.

"हो. म्हणाले, पार्टीची हा आहे. बरोबर एक जण होते, ते काही आत आले नाहीत. बाहेर उन्हातच उभे होते, डावा हात खिशात घालून."

मी आणखी काही विचारलं नाही. शंकेखोर माणसाला कुठे थांबायचं तेही कळावं लागतं.

पुस्तक निघालं. पहिली प्रत मी कोसाडला नेली. बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी कव्हरवरून हात फिरवला आणि विचारलं, "त्या येतस का यामा?" मी पानं चाळल्यासारखं केलं. मग म्हणालो की अजून यायचेत, पण वाट बघणारं माणूस घरात आहे. त्यांनी मान हलवली, पुस्तक देवाच्या फळीवर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

पंडितभाऊंचा पत्ता अजून लागलेला नाही. पुस्तकाची माहिती प्रकाशकाला त्यांनीच लिहून दिली होती, त्यामुळे आमच्याकडच्या ग्रंथालयात ते 'वस्त्रोद्योग' या कपाटात आहे. आजवर ते एकदाच बाहेर गेलं. नेणारा एका डाइंग मिलचा फोरमन होता, आणि त्यात रंग पक्के कसे करायचे हे दिलेलं नाही म्हणून त्याने ते परत केलं.