ताटलीतली माती

"जरा जास्त घ्या, काका. कॅमेऱ्यात दिसत नाही."

साहेब माइकवर बोलले आणि अख्खा हॉल हसला. रोह्याचा हॉल. मंडळाचं शेतकरी शिबिर. स्टेजवर माझे बाबा उभे होते, अनवाणी. चपला त्यांनी पायऱ्यांशीच काढून ठेवल्या होत्या. टेबलावर स्टीलची ताटली, ताटलीत ओली माती. बाबांनी आधी चिमूटभर उचलून जिभेला लावली होती. ती कॅमेऱ्यात आली नव्हती. म्हणून त्यांनी पुन्हा हात घातला. या वेळी गोळाच उचलला. तोंडात टाकला.

"चावा, चावा. लाजता काय? घरी खाताच की."

बाबांनी चावली. हनुवटीवर काळा ओघळ आला. तो त्यांनी बाहीने पुसला. समोरच्या रांगांमधून कितीतरी मोबाईल वर झाले होते. मी मागे दाराशी उभी होते. रोह्याच्या कंपनीत पॅकिंगला होते तेव्हा, दुपारची शिफ्ट होती, म्हणून बाबांना भेटायला आले होते. मला वाटलं होतं बाबा बोलणार आहेत.

माती गिळून बाबांनी माइककडे हात केला.

"साहेब, बोलू का आता?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "आता जेवण, काका. तुमच्या पोटात तर आधीच भर पडली."

हॉल पुन्हा हसला. कुणीतरी माइक बंद केला. लोक जेवायला उठले. बाबा ताटलीकडे बघत तसेच उभे राहिले.

माती चाखणं ही आमच्याकडची रीत आहे. आमचं गाव पेणच्या खारेपाटात, धरमतरच्या खाडीकडे. भाताची शेतं सखल, खाडीचं पाणी उंच, आणि दोघांच्या मध्ये मातीचा बांध. बांध आहे तोवर आम्ही आहोत. पावसाने जमिनीतला खार किती धुतला हे बघायला बाबा शेताच्या कोपऱ्यात बसायचे, माती जिभेवर ठेवायचे, थुंकायचे, आणि पेरायचं की थांबायचं ते ठरवायचे. आजाही तसंच करायचा. पण ते करताना दोघेही पाठमोरे असायचे. माणूस आंघोळ करताना असतो तसे, स्वतःपुरते. मी मुलगी असून मला ते नीट बघायला मिळालं नव्हतं. रोह्यात सगळ्यांनी बघितलं.

त्याआधीच्या पावसाळ्यात उधाणाने आमचा बांध फोडला होता. फुटलेल्या जागेला आम्ही खांड म्हणतो. पूर्वी खांड पडली की सगळं गाव चिखलात उतरून ती बुजवायचं. आता अर्धं गाव कंपनीत, अर्धं मुंबईत. खांड भरतीगणिक रुंद होत गेली, माणसाच्या हाताला आवरेना. मशीन पाहिजे, दगड पाहिजे. आमच्या भागात बांध राखणं, जमीन सुधारणं, शेतकऱ्याला हात देणं ही कामं मंडळाची. बाबा मंडळाच्या पेणच्या ऑफिसात खेपा घालून थकले. तिथला एक कर्मचारी म्हणाला, "रोह्याच्या शिबिराला या. मोठे साहेब येणार आहेत. त्यांनाच माइकवर सांगा." रोह्यात पोचल्यावर तोच माणूस म्हणाला, "आधी ते माती चाखायचं दाखवा. मग बोलायला देतो."

एवढ्यासाठी बाबांनी माती खाल्ली.

आणि चपलांचं सांगायचं राहिलं. मोठे साहेब परके नव्हते. आमचा आजा ज्यांची जमीन कसायचा त्यांचे हे नातू. जमीन पुढे कसणाऱ्यांच्या नावावर झाली. ते घर पुण्याला गेलं, शिकलं, त्यात मास्तर झाले, इंजिनियर झाले, साहेब झाले. लहानपणी बाबा आजाबरोबर त्यांच्या दारात भात घालायला जायचे आणि अंगणात बसायचे, ओटीवर नाही. शिबिरात साहेबांचं नाव पुकारलं गेलं. बाबांनी आडनाव ऐकलं आणि त्यांचे पाय आपोआप चपलांतून बाहेर आले. कायद्याने जमीन दिली होती. पायांना तो कायदा कुणी सांगितला नव्हता.

हॉलच्या मागे नळ होता. बाबा तिथे चूळ भरत होते. भरत होते, थुंकत होते, पुन्हा भरत होते. मी पाठीवर हात ठेवला.

"ही आपली माती नव्हं गो," ते म्हणाले. "कुंडीतली हाय. वरून घरातलं मीठ टाकलंय."

"मंग खाल्लीत कशाला, बाबा?"

"बोलायला देतील म्हणून."

मला आत जाऊन ते टेबल उलटं करावंसं वाटलं. बाबांनी मनगट धरलं. त्यांचा हात ओला आणि गार होता. आम्ही जेवलो नाही. त्यांना पेणच्या एसटीत बसवून मी शिफ्टला गेले.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना शेजारच्या बाईने मोबाईल माझ्यासमोर धरला. "बघ गो, काय एकेक माणसं असतात." बाबा माती चावत होते. वर कसलंसं गाणं लावलेलं, खाली हसऱ्या तोंडांची रांग. मी म्हटलं, "माझा बापूस हाय तो." तिचा घास हातातच राहिला. बिचारीने तिथल्या तिथे ते पुसून टाकलं. पण एका मोबाईलमधून पुसून काय होणार? ते पार निडी, नागोठण्यापर्यंत गेलं. पेणच्या बाजारात पोरं बाबांना हाक मारायची, "ओ मातीवाले काका!"

पुढच्या पावसात मी त्यांना शेतात बघितलं. खांडीपासून लांबचा एक तुकडा अजून बरा होता, तिथे ते कोपऱ्यात बसले. माती उचलली. तोंडापर्यंत नेली. मग मान वळवून इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुणी बघत तर नाही ना. आणि माती खाली टाकून हात धोतराला पुसले. त्या वर्षी त्यांनी अंदाजाने पेरलं. रोप वर आलं आणि करपलं.

त्या हॉलमधलंही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पण ते जाईल कदाचित. ती वळलेली मान जात नाही. स्वतःच्या शेतात चोरासारखा बघणारा माझा बाप.

नंतर ते फार जगले नाहीत. डॉक्टरने छातीचं कारण सांगितलं. असेल.

माणूस गेला तरी व्हिडिओ जात नाही. मंडळाचा नवा कार्यक्रम आला की कुणालातरी तो आठवतो आणि तो पुन्हा फिरतो. एकदा रोह्याहून येताना एसटीत पुढच्या सीटवरचा माणूस तो बघत होता. खिडकीबाहेर काळोख पडत होता आणि त्या एवढ्याशा उजेडात बाबा जिवंत होते. चावत होते. त्याने परत पहिल्यापासून लावला. बाबांनी परत गोळा उचलला. मी मधल्याच स्टॉपला उतरले आणि रस्त्याकडेला उभी राहून रडले.

मग एक दिवस आई म्हणाली, "मना एकदा दाव गो. आवाज येतो का त्यात त्यांचा?"

आमच्याकडे बाबांचा दुसरा व्हिडिओ नाही. फोटो आहेत, लग्नातला एक, रेशनकार्डावरचा एक. बोलता-चालता बाप आहे तो लोकांनी केलेल्या त्या चेष्टेतच. मी शोधून, गाण्याशिवायचा मिळवून आईला दाखवला. शेवटी ते वाक्य आहे. "साहेब, बोलू का आता?" मग साहेबांचं ते जेवणाचं उत्तर, हसू उसळतं आणि व्हिडिओ संपतो. आई तेवढाच तुकडा ऐकते. पुन्हा लावायला सांगते. दर वेळी ऐकताना थोडी पुढे झुकते, जणू या खेपेला ते पुढचं बोलतील.

आमचं घर गावाच्या शेवटाला, शेताकडे. भरतीचं पाणी खांडीतून आत शिरतं तेव्हा कुणीतरी चूळ भरतंय असा आवाज येतो. भरतंय, थुंकतंय, पुन्हा भरतंय. आई हातातलं काम थांबवते. "आले बघ," म्हणते. मी तिला वेडी म्हणत नाही. मलाही ऐकू येतं.

शेतात आता खाडीतली तिवरं उभी आहेत, खेकड्यांची बिळं आहेत. या वर्षी मंडळाची सभा आमच्याच गावात लागली, शाळेच्या पटांगणात. ही जमीन सुधारण्यापलीकडे गेली आहे, म्हणाले. आता बांधावर खर्च नको. जमिनी कोळंबीच्या तलावांना भाड्याने द्या, मंडळ मदत करेल. गावाने हात वर करून होकार द्यायचा होता. म्हणजे खांड आता कायमची. त्यांनीच ती उघडी ठेवली आणि आता तिच्याकडे बोट दाखवत होते.

स्टेजवर तेच साहेब. केस पिकलेले, आवाज तोच. पुढच्या रांगेत मला बघून पेणच्या ऑफिसातल्या त्या कर्मचाऱ्याने त्यांच्या कानात सांगितलं. साहेबांचा चेहरा खुलला.

"अरे वा! ही कोण, माहीत आहे का? आपल्या मातीवाल्या काकांची मुलगी! ये बाळ, वर ये. वडिलांसारखं एकदा करून दाखव. परंपरा आहे तुमची."

आणि ताटली आलीच. स्टीलची.

मी उठले. पायऱ्यांशी पाय अडखळले. खरं सांगते, माझेही पाय चपलांतून बाहेर यायला निघाले होते. मी बोटं आवळून धरली आणि चपलांसकट वर चढले. साहेबांनी ताटली पुढे केली. ती मी घेतली, टेबलाखाली ठेवली आणि त्यांच्या हातातला माइक घेतला.

"माझ्या बापसानं रोह्याला तुमाला इचारलं, बोलू का. मी इचारीत नाय. खांड कवा बुजवताय? तारीख सांगा."

"बाळ, कार्यक्रम झाल्यावर बसून बोलू."

"माझा बापूस हेच ऐकून मेला."

माइक बंद झाला. होणारच होता. मी माइकशिवाय बोलत राहिले. पटांगण लहान आहे आणि माझा आवाज बारीक नाही. बाबांनी ज्यासाठी माती खाल्ली ते सगळं सांगितलं. कुंडीतल्या मातीचं सांगितलं. मिठाचं सांगितलं. कुणी हसलं नाही. एक म्हातारी पदर तोंडाला लावून बसली होती.

मग साहेबांनी हात वर करायला सांगितले. काही हात वर गेले. खोटं का सांगू? माझ्या सख्ख्या चुलत्याचाही गेला. पण निम्म्याच्या वर हात मांडीवर राहिले. आईने तर दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. ठराव झाला नाही. तारीखही मिळाली नाही. गाडीत बसताना साहेब मला म्हणाले, "तुझे वडील फार साधे होते."

"व्हय," मी म्हटलं. "तसेच पायजे होते तुमाला."

खांड अजून उघडी आहे. आज भरतीला पुन्हा तो आवाज आला. मंडळाचं पुढचं शिबिर रोह्याला आहे, त्याच हॉलमध्ये. गावातल्या बाया येणार आहेत, आई येणार आहे. जेवणाला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलंय. स्टेजवर चढताना चपला पायात राहतील. तारीख मिळाल्याशिवाय मी खाली उतरणार नाही. उचलून टाकलं तर पुन्हा चढेन.

मघाशी भाकऱ्या थापताना आईने विचारलं, "तुला बोलायला देतील का गो?"

मी म्हटलं, "देनारे ते कोन?"