येतलो तेचो वाटो

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर कोण कोण होतं ते आधी सांगते. बस्त्यांवमामा होता. माझी जाऊ फिलू होती. रापणीचं जाळं ओढणारे गडी होते, दोन्ही दोऱ्यांना लागलेले. मी होते, मासळीची पाटी घेऊन. आणि सगळ्यांत शेवटी आला तो माझा नवरा, इनास.

बस्त्यांवमामा आमच्या रापणीचे वाटे घालायचा. जाळं वाळूत आलं की मासळीचे ढीग करायचं काम त्याचं. ढीग करताना माणसांकडे पाठ करून बसायचा, तोंड समुद्राकडे. विचारलं तर म्हणायचा, "तोंड दिसला काय हात आखडता. माणसाचो हात तो." अंगात भोकं पडलेली गंजी, गळ्यात काळ्या दोऱ्यात कुरीस, म्हणजे क्रूस. रविवारी देवळात मागच्या बाकावर बसून झोपायचा. फिलू चिडवायची, "मामा, देवाच्या न्यायाच्या दिसाक तरी जागो रव."

तो डोळे न उघडता म्हणायचा, "माका उठवतले गो. देवदूताची तुतारी वाजतली मां!"

आमच्याकडे रीत अशी, की जाळं पाण्यात आहे तोवर ज्याचा हात दोरीला लागला, त्याला वाटा. सकाळपासून ओढणारा असो, नाहीतर शेवटी आलेला. आता पाहुणे येतात, फोटोसाठी दोरी धरतात. मामा त्यांच्यापुढेही ढीग सारायचा. ती माणसं बांगडे बघून मागे सरायची.

इनास पोरं लहान असताना घर सोडून गेला. वेंगुर्ल्यात कोणी त्याला बघितलं म्हणाले, मग तेवढंही कानावर येईना. मी पाटी डोक्यावर घेऊन कट्टा गावच्या बाजारात मासळी विकली, पोरं मोठी केली. रडायला वेळच नव्हता.

त्या संध्याकाळी समुद्र आणि आभाळ एका रंगाचं झालेलं. दोरी पाण्यातून येते की आभाळातून, कळत नव्हतं. त्या उजेडातून एक माणूस चालत आला. सुकलेला, पायांना जसं वजनच नाही. मला वाटलं, बसल्या बसल्या डोळा लागला माझा. जाळं अजून कमरेभर पाण्यात होतं. त्याने दोरीला हात लावला. ओढायची ताकद नव्हती, नुसता धरून उभा राहिला.

वाटे घालायला घेतले तशी फिलू ओरडली, "मामा, ह्याका कसलो वाटो? बायल-पोरांक टाकून गेलेलो तो!"

मामा पाठ करूनच बसलेला. "मी तोंड बघूक नाय. हात लागलो काय नाय, ता सांग."

फिलूने माझ्याकडे बघितलं.

"रोझू, तू सांग," मामा मला म्हणाला.

लाट आली, गेली. "लागलो," मी म्हटलं.

इनासला पुरा वाटा मिळाला, सगळ्यांएवढाच. त्याने तो उचलून माझ्या पाटीत ओतला. घरी दोन घास जेवला, भिंतीकडे तोंड करून निजला. पहाटे त्याचा जीव गेला. पाद्री पोचायच्या आधीच. पापं सांगून माफी घ्यायची राहिली ती राहिलीच.

सोडून गेला ते मी सोसलं होतं. हे सोसेना. फिलू म्हणाली, "आता देवाचो न्याय." मी मामाकडे गेले. तो जाळं शिवत होता.

"मामा, इनासाचा थंय देवाकडे काय होतला?"

त्याने सुई थांबवली. "न्याय होतलो. कोणाक सुटका नाय. पण थंय वाटे कोण घालता? तो माझ्यापेक्षा कंजूष आसतलो काय गो?"

त्या रात्री मी झोपले.

यंदा मामा अंथरुणाला लागला. उठून बसता यावं म्हणून खाटेच्या पायाला रापणीच्या दोरीचा तुकडा बांधलेला. एका दुपारी मला म्हणाला, "रोझू, माका भिया वाटता. आता देव माझा तोंड बघतलो."

त्याची बोटं त्या दोरीभोवतीच होती. मी म्हटलं, "मामा, हात लागलो काय नाय, ता सांग."

त्याने आपल्या हाताकडे बघितलं. बाहेर सुरूची झाडं वाजत होती, ऊन पाण्यासारखं जमिनीवर हलत होतं. मग हसला. "लागलो गो."

उन्हं उतरली तेव्हा गेला. दोरी हातातच होती.

हे वाचाल, तर बस्त्यांवमामासाठी एकदा 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणा. आणि म्हणताना इनासलाही त्यात धरा.